गुरुनाथांनी दिलेला होकार

न्यूझीलंडमधल्या हेन्डरसन गावच्या फार्मसीत गुरुनाथ वाघमारे पेशंटला दहा प्रश्न विचारल्याशिवाय गोळी हातावर ठेवत नसत. घरी मात्र विचारायची सवय नव्हती. ते सांगत, बाकीचे ऐकत. मुलगा प्रणय लग्न करून अमेरिकेत टेक्ससला गेला, ग्रीन कार्ड मिळालं, तरी बाबांच्या होकाराशिवाय काही करत नसे. याचा गुरुनाथांना केवढा तोरा!

२००३च्या एप्रिलमध्ये त्यांच्याकडे बाबासाहेबांच्या जयंतीचं जेवण होतं. चार कुटुंबं जमलेली असतानाच प्रणयचा फोन आला. सगळ्यांनी ऐकावं म्हणून गुरुनाथांनी हौसेने स्पीकर लावला आणि तिथेच फसले.

"बाबा, इथल्या आर्मीत जायचं म्हणतोय. तुम्ही नको म्हणालात तर नाही जाणार."

"अरे, पण का?" त्याची आई कल्याणी ओल्या हातांनी धावत आली.

"आई, ते टॉवर पडल्यापासून गाडीला झेंडा लावलाय, घरावर लावलाय. तरी शेजारी विचारतोच, तू नक्की कुणाच्या बाजूचा? हीप्स लोक विचारतात गं, ढिगाने. आर्मीत गेलं की सिटिझनशिप लवकर मिळते. मग कोण विचारेल?"

न्यूझीलंडने इराकच्या युद्धात उडी घेतली नव्हती, आणि गुरुनाथांना इथे असं कुणी कधी विचारलंही नव्हतं. पोराला आपलेपणा जिवावर उदार होऊन सिद्ध करायला लावणारा हा कुठला देश? 'नको' अगदी ओठांवर आलं होतं.

पण भिंतीवर महार रेजिमेंटच्या गणवेशात त्यांचे सुभेदार वडील होते, आणि पाहुणे कान टवकारून बसले होते. "सुभेदारांचं रक्त आहे, साहेब!" पाहुण्यांतला सुरेश म्हणाला. त्याच आठवड्यात बगदाद पडलं होतं. आता तिकडे उरलंय काय, असं गुरुनाथांनी मनाला समजावलं.

"जा," ते म्हणाले. "आजोबांचं नाव काढ."

टाळ्या पडल्या. कल्याणी आत निघून गेली.

पाहुणे गेल्यावर ती म्हणाली, "अहो, चारचौघांत नको म्हणायची लाज वाटली ना? आता तरी फोन करा."

"उद्या करतो," गुरुनाथ म्हणाले. दिलेला शब्द फिरवायचा म्हणजे नाक खाली करायचं. ते त्यांना जमलं नाही. त्यांचा उद्या उजाडलाच नाही, आणि प्रणय ट्रेनिंगला गेला.

वर्ष सरता सरता त्याचा फोन आला. आता बगदादहून रोजच माणसं मरत असल्याच्या बातम्या येत होत्या.

"बाबा, आमची तुकडी इराकला निघालीय." मग तो हळूच म्हणाला, "खरं सांगू? त्या दिवशी तुम्ही नको म्हणाल असं वाटलं होतं. म्हणून तर विचारलं."

फोन कट झाला.

"काय म्हणतो?" कल्याणीने आतून विचारलं.

"मजेत आहे," गुरुनाथ म्हणाले.