‘पानी’ म्हणा, असं सांगणाऱ्या डॉक्टर

डॉ. शैलजा देशमुख यांची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा मी त्यांची रुग्ण होते. हे त्यांच्या एकसष्टीच्या गौरवग्रंथात लिहावं का, असं मी संपादकांना नाही, खुद्द डॉक्टरांनाच विचारलं. त्या म्हणाल्या, "लिहा की. ताप आलेला लपवता का?" म्हणून बिनधास्त लिहिते.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. वसईजवळ गिरीजला आमची केळीची वाडी. एका सकाळी माझे यजमान विहिरीवर पंप लावायला गेले आणि विजेचा धक्का बसून तिथेच गेले. मी त्यांच्यासाठी पाण्याचा तांब्या घेऊन निघाले होते. ते कोसळताना मी पाहिलं आणि जागच्या जागी थिजले. त्यानंतर कुठेही पंप सुरू झाला की माझे हात गार पडत, छाती धडधडे, समोरचं माणूस काय बोलतंय ते कळेनासं होई.

शेजारच्या फिलोमिना मावशी म्हणाल्या, "पोरीने धसका घेतलाय." सासूबाईंनी मीठमिरच्यांनी दृष्ट काढली. पण खरा घोळ घातला तो सगळ्यांच्या मायेने. दीर मी शाळेत शिकवायला गेल्यावरच पंप लावायचे. आळीतली माणसं पंप लावण्याआधी निरोप धाडायची, "बाईंना आत घ्या." मी दारं-खिडक्या लावून बसायची. भीती कमी व्हायची सोडून वाढतच गेली. शेवटी मी विहिरींपासून लांब, उमेळ्याला नव्या इमारतीत एक ब्लॉक बघून ठेवला. घर सोडायचं जवळजवळ ठरलं. सासूबाईंचं जेवण तुटलं.

तेव्हा आमच्या मुख्याध्यापिका मला वसई रोडला डॉक्टरांकडे घेऊन गेल्या. डॉक्टर मनोविकारतज्ज्ञ, मूळच्या साताऱ्याच्या. त्यांच्या दवाखान्याखाली दातांचा दवाखाना होता. जिन्यात कुणी ओळखीचं भेटलं की जो तो दाढेचं नाव सांगे. त्या वर्षांत वसईत किती जणांच्या दाढा दुखल्या म्हणून सांगू.

मी शिक्षिका. माहेर मिठागराकाठचं, तिथे ‘पाणी’ला ‘पानी’ म्हणतात. नोकरी लागल्यावर मी ते जिभेवरून पार खरवडून काढलं होतं. डॉक्टरांनाही शुद्ध भाषेत सांगितलं, "विजेच्या धक्क्याने माझ्या पतींचे निधन झाले." डॉक्टरांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "बाई, ही बातमी झाली. आईला कसं सांगितलं असतंत?"

माझ्या तोंडातून निघालं, "आय, त्यांनी पानी मागितलेलं. मी पानी घेऊन जात होते. माझं पानी त्यांच्यापर्यंत पोचलंच नाय." आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदा मी रडले. डॉक्टरांनी मला थांबवलं नाही.

पुढच्या भेटीत त्यांनी समजावलं. मेंदूत एक भाग राखणदाराचं काम करतो. मोठा आघात झाला की तो वाडीतल्या घाबरलेल्या कुत्र्यासारखा होतो, घरच्यावरही भुंकतो. आणि आठवणीला ‘हे होऊन गेलं’ असा शिक्का मारणारा भाग त्या वेळी गडबडतो, म्हणून पंप वाजला की मेंदूला ते सगळं आत्ताच घडतंय असं वाटतं. "तुम्ही थिजलात ती तुमची चूक नव्हे. मेंदूने तुम्हाला वाचवायला ते केलं," त्या म्हणाल्या. हे वाक्य ऐकून मला किती हलकं वाटलं ते मला अजून नीट लिहिता येत नाही.

मग एका रविवारी डॉक्टर स्वतः गिरीजला आल्या. पडवीत बसून त्यांनी घरच्यांना सांगितलं, पंप लपवून लावणं बंद करा, पण बेताबेताने. सासूबाई तडकल्या, "पोरीला छळायला आलात काय?" डॉक्टर शांतपणे म्हणाल्या, "नाही आई. तुमची सून तुमच्याकडेच राहावी म्हणून आलेय."

आधी त्यांनी वायरमन बोलावून सगळं वायरिंग नवं करून घेतलं. "भीती घालवायची आहे, सावधपणा नाही," हा त्यांचा खाक्या. मग मी फाटकापाशी उभी राहायची आणि मी मान हलवली की दीर पंप लावायचे. हे आत्ताचं आहे हे मेंदूला कळावं म्हणून डॉक्टर विचारायच्या, "आज वार कोणता? पायाखाली काय आहे?" मी सांगायची. फाटकापासून पडवी, पडवीपासून विहीर. मध्ये दोनदा पळून घरात गेले. डॉक्टर रागावल्या नाहीत, चहा मागितला. अखेर एका सकाळी बटण मीच दाबलं. पाटात पाणी आलं तेव्हा मी "पानी आलं" एवढंच म्हणाले. उमेळ्याच्या ब्लॉकचा विषय तिथेच संपला.

पुढे डॉक्टरांनी माझ्यासारख्या धसका घेतलेल्यांचा रविवारचा गट सुरू केला आणि मला मदतीला घेतलं. तिथे त्यांचा एकच नियम, प्रत्येकाने घरच्या बोलीत बोलायचं. आमची बोली त्यांना अर्धीच कळते, तरी मान मात्र पूर्ण हलवतात. त्यांच्या हातचा चहा प्यायला धैर्य लागतं, हेही या एकसष्टीच्या ग्रंथात नोंदवून ठेवते.

डॉक्टरांना उदंड, निरोगी आयुष्य लाभो. मी हे देवापुढे मागते आणि रोज सकाळी पंप लावतानाही मागते. सासूबाई आता नाहीत. पण शेवटच्या दिवशी त्या त्याच घरात होत्या, आणि त्यांनी पानी मागितलं तेव्हा माझा तांब्या त्यांच्यापर्यंत पोचला.