पुढच्या बाकाखालची पोळी

झाडू मारताना पहिला तुकडा पुढच्या बाकाखाली सापडला. मला वाटलं, कुणाच्या लेकराच्या हातून पडला असेल. मी तो उचलून पदरात घेतला. मग दुसरा सापडला. तो टाचेनं बाकाच्या पायाआड सरकवलेला होता. तिसरा बाजाच्या पेटीच्या मागे. एक तर कागदात गुंडाळून खिडकीच्या फटीत कोंबला होता. लेकरं इतक्या निगुतीनं लपवत नाहीत.

पोळी मी केली होती. प्रभुभोजनाची पोळी. जरा वेळापूर्वी पाळकसाहेबांनी ती सगळ्यांसमोर मोडली होती. ताटली बाकाबाकांवरून फिरली होती. हे प्रभूचं शरीर, असं म्हणून सगळ्यांनी तुकडा हातात घेतला होता.

हातात घेतला. तोंडात नाही.

मी तिथंच जमिनीवर बसले. रडू आलं नाही. कानशिलं तापली फक्त.

भिलाईत तेव्हा कारखाना उभा होत होता. सेक्टर सहाच्या क्वार्टरांचा चुन्याचा वास अजून गेला नव्हता. आमच्या ख्रिस्ती मंडळीला अजून देऊळ, म्हणजे चर्च, नव्हतं, रविवारी शाळेच्या एका खोलीत उपासना व्हायची. पुढच्या बाकांवर इंजिनियर, अधिकारी, त्यांच्या बायका. मागे आम्ही, मजुरांच्या कॅम्पातल्या झोपड्यांतले खलाशी, गँगमन, आया. असं बसा म्हणून कुणी सांगितलं नव्हतं. कुठं बसायचं ते आमच्या पायांनाच ठाऊक होतं.

मी इस्पितळात आया होते. नवरा खलाशी, लोखंडी गर्डर वर चढवायच्या कामावर. आम्ही वर्ध्याकडचे. माझा आजा मिशनच्या विहिरीचं पाणी प्याला आणि ख्रिस्ती झाला. गावानं मात्र आम्हाला महारच म्हटलं. भिलाईत आलो तेव्हा वाटलं, इथं सगळेच परके, सगळेच नवे, इथं कोण विचारतो. उपासनेआधी आणि नंतर खोली झाडायचं काम माझ्याकडे आलं. ते त्याला सेवा म्हणत. मीही सेवाच म्हणत होते.

माझा दीर दुर्गला रेल्वेत होता. नागपुरात दीक्षा घेऊन बौद्ध झालेला. आला की मला छेडायचा.

"वयनी, गावात आपन कुठी बसत होतो? मागं. अन् तुया येशूच्या घरी? मागंच. मंग कावून जातं तिथं?"

"मले तिथं बरं वाट्टे," मी म्हणायची.

खोटं नव्हतं ते. माझी पहिली पोर तापानं गेली, तेव्हा कुणाच्याच शब्दानं मला अन्न गेलं नव्हतं. एकदा अंधारात एकटीच गुडघ्यावर बसले, आणि कुणीतरी शेजारी येऊन बसल्यासारखं वाटलं. बोललं काही नाही. नुसतं बसलं. तेव्हापासून मी दुसऱ्यांच्या शेजारी बसायला लागले. वॉर्डात कुणी कण्हत असला की काम उरकून त्याच्या खाटेशी जायचं, डोक्यावर हात ठेवायचा, प्रार्थना करायची. हिंदू असो, मुसलमान असो. ख्रिस्ती हो, असं मी कुणाला म्हटलं नाही. मला मिळालेलं ते त्यांना द्यायचं, एवढंच.

तर पोळीचं. भोजनाचा पाव दुर्गच्या बेकरीतून यायचा. त्या रविवारी त्याला बुरशी निघाली. मी झाडायला लवकर आले होते. पाळकसाहेब म्हणाले, "बाई, गावाकडे पोळीच वापरतात ना? एक करून आणता का?"

मी धावतच कॅम्पात गेले. आमच्या गावच्या देवळात माझी आई करायची ही पोळी. आधी न्हायची. मीठ घालायची नाही. चूल पेटल्यापासून पोळी फडक्यात बांधेपर्यंत तोंडातून शब्द काढायची नाही. मी तसंच केलं. नवऱ्यानं काही विचारलं, मी उत्तर दिलं नाही. ओल्या केसांनी परत आले. आयुष्यात इतकी खूश मी क्वचित झाले असेन.

पाळकसाहेब भला माणूस. भल्या माणसासारखीच चूक केली त्यांनी. पोळी मोडण्याआधी माझ्याकडे हात करून म्हणाले, "आजची भाकर आपल्या या भगिनीनं केली आहे. तिचे आभार मानू." पुढच्या बाकांवरची डोकी वळली. पेटी वाजवणाऱ्या बाईंची बोटं थांबली. मला वाटलं, त्यांना भरून आलं.

किती खुळी होते मी.

तुकडे घेऊन मी पाळकसाहेबांकडे गेले. त्यांनी ते बघितले, चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"मनावर घेऊ नका, बाई. क्षमा करा. हळूहळू बदलेल सगळं."

"कोनाले क्षमा करू? नाव तर सांगा."

मी तुकडे परत पदरात बांधले आणि घरी नेऊन ठेवले.

नाव पुढच्या रविवारी आपणहून आलं. पेटीवाल्या बाई मोठ्या इंजिनियरच्या पत्नी, पुण्याकडच्या. पणजोबा ब्राह्मणाचे ख्रिस्ती झाले, हे त्यांनी मंडळीतल्या प्रत्येक बाईला सांगून झालं होतं. मला दाराशी गाठून हळू आवाजात म्हणाल्या, "अगं, जातीचं नाही हं काही. तू वॉर्डात काम करतेस ना. घाणीत हात असतात. स्वच्छतेचा प्रश्न आहे."

त्यांच्या शेजारच्या बाकावर इस्पितळातले डॉक्टर बसायचे. त्यांचे हातही त्याच वॉर्डात असायचे. त्यांच्याशी बाई हात मिळवत. हे मला तेव्हाच सुचलं होतं. पण मी झाडायला वळले.

त्या आठवड्यात माझी प्रार्थना आटली.

वॉर्डात भट्टीपाशी भाजलेला एक मजूर होता, रायपूरकडच्या खेड्यातला. दोन्ही हात कोपरापर्यंत पट्ट्यांत. बायको खाटेखाली पोतं टाकून राहायची. मी रोज त्याच्यापाशी बसायची. त्या दिवशी बसले, डोक्यावर हात ठेवला, आणि काहीच येईना. आपला हात घाणीचा आहे, एवढंच डोक्यात. मी हात काढून घेतला.

तो म्हणाला, "दाई, तोर भगवान ला गोहरा न." तुझ्या देवाला हाक मार, म्हणत होता.

मला संताप आला. कुणाचा ते कळेना. डब्यात माझी भाकर होती. ती काढून त्याच्यासमोर धरली आणि म्हणाले, "मैं महार हूँ. पहले से बता रही. मेरे हात की है. खाओगे?"

मला वाटलं, तोंड फिरवेल. फिरवलं असतं तर बरं, असंही वाटलं. मग सगळंच संपलं असतं. उठून घरी गेले असते.

त्यानं तोंड उघडलं.

हात बांधलेले, म्हणून तोंड उघडून वाट बघत राहिला. मी तुकडा पाण्यात भिजवून त्याच्या जिभेवर ठेवला. त्यानं डोळे मिटून गिळला. परत तोंड उघडलं. खालून बायकोनं हात पुढे केला, अर्धी तिनं खाल्ली. मग मी बोलायला लागले. काय बोलले ते आठवत नाही, पण शब्द कमी पडले नाहीत.

तो वाचला नाही. त्याच आठवड्यात गेला. त्याच्या बायकोला धरून मी व्हरांड्यात बसले होते. देवानं हे का केलं, मला सांगता आलं नाही. आजही येत नाही.

पण एक कळलं होतं. त्या तोंड उघडलेल्या माणसापाशी प्रभू होता. मागच्या बाकावर मी त्याला उगाच शोधत होते.

महिन्याभरात नागपूरहून मोठे पाळक यायचे होते, देवळाची जागा बघायला. आमचे पाळकसाहेब म्हणाले, "बाई, तुम्ही साक्ष द्या. तुमचे लोक कुठल्या दशेत होते, प्रभूनं कुठून उचललं, ते सांगा. बाकीचं नको."

मी उभी राहिले. पहिल्यांदाच पुढे. टेबलावर बेकरीचा पाव झाकून ठेवला होता. त्याच्या शेजारी मी पदराची गाठ सोडली. पोळीचे तुकडे वाळून खडखडीत झाले होते.

"ही माझी साक्ष," मी म्हटलं. "प्रभूनं आमाले उचललं. तुमी बाकाखाली टाकलं. मले नाही टाकलं. ज्याच्या नावानं हातात घेतलं, त्याले टाकलं."

पाळकसाहेब म्हणाले, "बाई, बसा."

"आता नाही बसत."

पेटीवाल्या बाई खाली बघत होत्या. पाहुणे छताकडे बघत होते. मागच्या बाकावरून कुणी खोकललंसुद्धा नाही, आणि ते मला जास्त लागलं. मी कोपऱ्यातला झाडू आणला, पुढच्या बाकावर आडवा ठेवला, आणि बाहेर पडले.

दीर खूश झाला. "सोडलं ना वयनी? आता ये आमच्याकडं."

"बाक सोडला," मी म्हटलं. "त्याले नाही सोडलं."

तो हसला नाही. पहिल्यांदाच मला छेडलं नाही त्यानं.

मग दर रविवारी आमच्या झोपडीपुढे पोळी व्हायला लागली, कॅम्पातली माणसं जमायला लागली. मोडण्याआधी मी सांगते, कुणाची, कोणत्या हातची. काही उठून जातात. जाऊ देते. जे बसतात ते खातात. मागच्या बाकावरच्या दोन बायका आल्या. बाकीच्या आल्या नाहीत.

पुढच्या उन्हाळ्यात पेटीवाल्या बाईंच्या बंगल्यावरून माणूस आला. त्यांची म्हातारी आई अंथरुणाला खिळली होती, रात्रंदिवस भ्यायची. वॉर्डातली प्रार्थना करणारी आया पाहिजे म्हणत होती. "मागच्या दारानं ये, पाहुणे आहेत," असा निरोप होता.

मी म्हटलं, "बाईंले सांग, येतो. पुढच्या दारानं. सोबत माझ्या हातची पोळी आनतो. आधी आजी खाईल, मंग बाई खातील, माझ्यासमोर. त्याच्यानंतर मी प्रार्थनेले डोळे मिटीन."

बोलावणं परत आलं नाही. म्हातारीचं मला वाईट वाटलं, अजून वाटतं. तिनं तोंड उघडलंही असतं कदाचित. पण या हाताची प्रार्थना पाहिजे आणि या हाताची भाकर नको, असं आता कुणाचं चालवून घेणार नाही. मरायला टेकलेलं माणूस दारात आलं तरी नाही. हात एकच आहे.