वाचवलेली वांगी

मंडळी, हातातली कामं ठेवा आणि गांभीर्यानं ऐका: आमच्या चिखलीच्या सोसायटीत अन्नाचा एक तारणहार राहतो! चाकणच्या कंपनीत तो क्वालिटीला आहे. कंपनीच्या बसमध्ये बसल्या बसल्याच तो ॲपवरून एखाद्या हॉटेलातलं उरलेलं जेवण स्वस्तात मागवतो. डब्यात काय निघेल ते हॉटेल ठरवतं. "वहिनी, आज आणखी एक जेवण कचऱ्यातून वाचवलं!" हे मला, शेजारणीला, दारातूनच ऐकवतो. घरातली कालची भाजी मात्र त्याला शिळी वाटते, तिच्याकडे तो बघतही नाही.

परवा मी त्यांच्याकडे गेले होते, तेव्हा तो आंघोळीला गेल्यावर त्याच्या बायकोनं डब्यातला पुलाव काढला आणि आपली कालची भरली वांगी त्यात घातली. पुलाव आम्ही दोघींनी ओट्यापाशी उभ्यानंच संपवला. "बोलू नका हं ताई," ती कुजबुजली, "रोजचं उरलेलं असंच खपेल."

त्यानं वांगी पार्ट तपासावा तशी उलटीपालटी करून पाहिली, मग बोटं चाटून खाल्ली. "याला म्हणतात वांगं! तुला नाही जमायचं," म्हणत त्यानं हॉटेलला पाच स्टार द्यायला फोन उचलला.

ती ओरडलीच, "ते स्टार इकडे द्या, वांगी माझी आहेत!"