पुढचा निरोप कुठे सुरू होतो

दवाखान्यात सगळे तिला मोजपट्टी म्हणत. वय बावन्न, आणि संगणकातले आकडे कागदावर छापून, पट्टी ठेवून एकेक मोजायची जुनी खोड. तोंडावर कुणी मोजपट्टी म्हटलं तरी ती ओ द्यायची, उगाच कशाला रागवा.

तपासणी विभागात काढलेली चित्रं तारेतून साठवणीच्या खोलीत यायची, तो सगळा कारभार तिचा. तारेतून येतो तो नुसता बाइटांचा ओघ. एका चित्राचा निरोप कुठे संपला नि दुसऱ्याचा कुठे सुरू झाला, याचं त्या ओघाला काही सोयरसुतक नसतं. प्रत्येक निरोप सुरुवातीलाच आपली लांबी सांगतो, घेणाऱ्याने तेवढे बाइट मोजून घ्यायचे. मोजणी चार बाइटांनी चुकली की पुढचं सगळं घसरलंच म्हणून समजा. म्हणून तिने ओघात ठरावीक अंतरावर खुणा घालायला लावल्या होत्या: पुढचा निरोप इथून इतक्या बाइटांवर. खूण आणि मोजणी जुळली नाही, की तिचा प्रोग्राम सरळ जोडणी तोडायचा. डॉक्टर वैतागायचे. शेवटी सोमवारी नव्या साहेबांनी फर्मान काढलं, ही ताडून पाहायची भानगड बंद करा. ती तासभर भांडली आणि मग नमली. नमायला नको होतं.

गुरुवारी बाराच्या सुमारास तपासणी विभागातून फोन आला, की एका गुडघ्याच्या चित्रात भलत्याच कुणाचा तरी खांदा दिसतोय. सोमवारपासून चारशे चित्रं आली होती. त्यातलं एक तिच्या दादाच्या मेंदूतल्या गाठीचं, आणि त्याच चित्रावर भरवसा ठेवून सर्जन एक वाजता त्याचं डोकं उघडणार होते.

हातात पुरावा काहीच नसताना तिने आधी सर्जनना थांबायला सांगितलं. ते चिडले, पण थांबले.

मग ती कागद घेऊन बसली. ताडणं बंद असलं तरी खुणा येतच होत्या, आणि आलेला ओघ ती महिनाभर जसाच्या तसा राखून ठेवायची. एकेक खूण धरून ती मागे मागे गेली. त्या गुरुवारी सकाळीच एक नवं यंत्र जोडलं होतं. ते निरोपाच्या शेवटी भरीचे बाइट घालायचं आणि लांबीत मात्र ते धरायचंच नाही. घसरण तिथून, अकरा वाजून दहा मिनिटांपासून. त्याआधीची एकूण एक खूण जुळत होती. दादाचं चित्र बुधवारचं. तिने ते पुन्हा मोजलं, आणि मग आणखी एकदा.

"चित्र त्याचंच आहे," तिने सर्जनना कळवलं. "पहिल्या बाइटपासून शेवटच्यापर्यंत."

साहेबांना न विचारता तिने ताडणं चालू केलं आणि जिना उतरून धावत सुटली. दादा स्ट्रेचरवर होता, वहिनी शेजारी. एवढा उशीर का, असं वहिनीने विचारलं.

"माझ्यामुळे, वहिनी," ती म्हणाली, आणि तिला रडूच कोसळलं. छातीवरचा धोंडा उतरला होता, ते रडू त्याचं होतं.

दादाने भादरलेलं डोकं वळवलं. "ऑपरेशन माझं आणि रडतेस तू? काही असेल तर आत्ताच सांग बाई."

"काही नाही रे. तू जा निवांत. चित्र तुझंच आहे."

"मग आणखी कुणाचं असणार?" दादा म्हणाला.