मशालवाल्याचा चेहरा

पिट्सबर्गच्या एका सचित्र साप्ताहिकात लिअँडर प्रॉसर चेहरे कोरायचा. फक्त चेहरे. आभाळ कोरणारा वेगळा, विटा-खिडक्या कोरणारा वेगळा, आणि घोडे कोरणारा बहुतेक वेळा प्यायलेला असायचा. पानभर चित्र असलं, की हाडासारख्या कठीण पिवळ्या लाकडाचे लहान ठोकळे मागून बोल्टांनी आवळून एक मोठा ठोकळा करत. त्यावर चित्र उतरवलं, की बोल्ट सोडून ज्याचा त्याला तुकडा वाटत. सगळे एकदम कोरायला बसल्यामुळे आठवड्याचं काम एका दिवसात उरकायचं.

घटनेच्या जागी जाणारा चित्रकार घाईत असे. इमारती तो नीट काढायचा, पण माणसांच्या जागी नुसती अंडी काढून वर लिहायचा, 'इथे गर्दी'. त्या अंड्यांना नाक-डोळे देणं हे लिअँडरचं काम. ते कुठून आणायचे, हे कुणी विचारत नसे. रोज समोर दिसणाऱ्या माणसांचेच चेहरे हाताला येत. फोरमन हॉफनागल एका चित्रात पुरात बुडत होता, तर दुसऱ्यात बिशपच्या मागे मेणबत्ती धरून उभा होता. कारागिरांमध्ये ही थट्टा चालायची. चित्राखाली मात्र दर वेळी छापलेलं असे, 'आमच्या चित्रकाराने प्रत्यक्ष जागेवर रेखाटलेले'.

लिअँडरच्या शेजारच्या खोलीत ओवेन टिअर्नी राहायचा. मालगाडीवर ब्रेकवाला. त्याचं नाक एकदा मोडून वाकडं बसलेलं, आणि डावा कान दार उघडं राहिल्यासारखा बाहेर आलेला. दोघं एकाच टेबलावर जेवायचे, एकमेकांचे सदरे घालायचे.

"लिअँड्या, त्या जर्मन फोरमनला बिशपच्या मागे उभं केलंस. मी काय पाप केलंय?" ओवेन म्हणायचा.

"तुझा कान पानात मावत नाही."

"मग दोन पानं घे."

त्या वसंतात नदीकाठच्या मैदानातून बलून उडालं आणि साप्ताहिकाने वरून दिसणाऱ्या अख्ख्या शहराचं चित्र छापलं. पूल, धुराडी, दोन नद्यांचा संगम, आणि या सगळ्यावर तरंगणारं बलून. चित्रकार कधी वर गेलाच नव्हता. समोरच्या टेकडीवर बसून त्याने सगळं अंदाजाने काढलं होतं. लिअँडरने बलूनच्या टोपलीत ओवेनला उभं केलं. ओवेनने ते पान आपल्या नेहमीच्या गुत्त्यात भिंतीवर खिळ्यांनी ठोकलं.

"वरून बघितलं मी," तो सगळ्यांना सांगायचा, "तुमच्यातल्या एकाचीही टोपी धड नाही." रेल्वेचे लोकही त्याला बलूनवाला म्हणू लागले.

जुलैत रेल्वेने पगार कापले आणि संप पेटला. सैनिकांनी गोळ्या झाडल्या, माणसं मेली, आणि जमावाने इंजिनांची शेडच जाळली. ओवेन त्या दिवशी दाढ सुजून गालाला पोटीस बांधून खोलीत कण्हत पडला होता. घराच्या मालकीणबाई त्याला पेज भरवत होत्या.

इकडे चित्र आलं. लिअँडरच्या तुकड्यावर जमावाच्या अगदी पुढचं अंडं होतं, आणि त्याच्या हातात मशाल. हॉफनागल पाठीमागे उभा राहून घाई करत होता. लिअँडर भिंगातून खाली बघत भराभर कोरत गेला. भुसा फुंकला तेव्हा त्याला दिसलं की मशाल ओवेनने धरली आहे. चूक दुरुस्त करता आली असती. तेवढा भाग पोखरून नवं लाकूड ठोकून बसवतात, तसं. पण त्याला वाटलं, ओवेन हसेल. दाढदुखी विसरेल.

अंक निघाला आणि मशालवाल्याचा कान ओळखून रेल्वेच्या साहेबांनी ओवेनला बोलावलं. आजारपणाची साक्ष द्यायला एकट्या मालकीणबाई होत्या, आणि त्यांचं ऐकून घेणारं कुणी नव्हतं. चित्र तर जागेवर काढलेलं होतं.

त्याच दुपारी रेल्वेचा एक कारकून साप्ताहिकाच्या कारखान्यात आला. लिअँडरच्या बाकाशेजारीच उभं राहून त्याने हॉफनागलला विचारलं, "हा चेहरा खराच दिसला होता का?"

"आमचं साप्ताहिक कल्पनेतली माणसं छापत नाही," हॉफनागल म्हणाला.

लिअँडरने भिंगावरून डोळा काढला नाही. समोर एका सिनेटरच्या दाढीचा तुकडा होता. तो दाढीचा एकेक केस कोरत राहिला.

कारकून गेल्यावर हॉफनागल हळूच म्हणाला, "एक चेहरा खोटा म्हटलास, तर आजवरचं प्रत्येक पान खोटं ठरेल. तू, मी, तो घोडेवाला, सगळे रस्त्यावर. गप बस. ब्रेकवाल्याला दुसरी गाडी मिळेल."

गाडी मिळाली नाही. ओवेनला कामावरून काढलं आणि जाळपोळ करणारा म्हणून त्याचं नाव सगळ्या रेल्वे कंपन्यांना कळवलं गेलं. लिअँडर त्या दिवसांत उशिरा घरी यायचा, जेवायलाही थांबायचा नाही. रविवारी शांतपणे बोलू, असं त्याने ठरवलं होतं. ओवेन शनिवारीच निघून गेला.

लिअँडरचं लग्न झालं, मुली झाल्या, त्या सासरी गेल्या. दरम्यान फोटो थेट छापायचं तंत्र आलं आणि लाकडावर कोरणाऱ्यांची गरज संपली. घोडेवाला तर त्याआधीच गेला होता. लिअँडर बियाणांच्या जाहिरातींसाठी कोबी आणि वाटाण्याच्या शेंगा काढू लागला. माणसांचे चेहरे काढायला कुणी सांगितलं तर जमत नाही म्हणायचा. बायकोला वाटायचं, डोळे गेले.

मग विमानं आली. शहराबाहेरच्या घोडशर्यतीच्या मैदानात एक उडणार होतं. जाहिरात करणाऱ्याला त्याचं चित्र हवं होतं, म्हणून लिअँडर वही घेऊन गेला. कुंपणापाशी तंबूत एक म्हातारा पंखाची मोडलेली फासळी सांधत बसला होता. पाठमोरा होता, तरी कान ओळखू आला.

"ओवेन," लिअँडर म्हणाला.

म्हाताऱ्याने वळून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. "प्रॉसर. म्हातारे झालात."

"तू इथं कसा?"

"सुतारकाम शिकलो. सुताराला कुणी आधीच्या नोकरीचा कागद मागत नाही." त्याने फासळीवर पातळ पट्टी ठेवून सरस लावला. "वैमानिक पोरसवदा आहे. पडतो, मी सांधतो."

लिअँडर वही मिटून जवळ गेला. "ते मशालीचं चित्र..."

"तुमचंच. साहेबाने पुढ्यात ठेवलं तेव्हा मी हसलो होतो." ओवेनच्या आवाजात राग नव्हता. "साहेबाला म्हटलं, कोरणारा माझा मित्र आहे, माणूस पाठवून विचारा, एका शब्दात मिटेल. माणूस पाठवला त्यांनी. मी बाहेर बाकावर बसून राहिलो. शेजारच्यांना तुमचा बिशपचा किस्सा सांगत होतो."

"मी तिथंच होतो," लिअँडर म्हणाला. "त्याच्या हाताच्या अंतरावर. मी मान वर केली नाही."

ही वाक्यं त्याने इतक्या वर्षांत शेकडो तऱ्हांनी जुळवली होती. त्यांत कारणं होती, हॉफनागल होता, नोकरी होती. प्रत्यक्षात एवढंच निघालं.

ओवेनने मान हलवली. "परत आल्यावर तो कारकून सांगत होता. म्हणाला, एक जण दाढी कोरत होता, त्याने वर बघितलंच नाही. चेहरा खराच आहे असं उत्तर आलं, तेव्हा तुम्ही त्या दिवशी सुट्टीवर असाल अशी माझी समजूत होती. दाढीचं ऐकेपर्यंत."

बाहेर लोक विमानाभोवती जमू लागले होते. तिकडून कुणीतरी ओवेनला हाक मारली.

"ही पट्टी दाबून धरा," तो म्हणाला. "सरस धरेपर्यंत सोडू नका. मी विमान सुटेपर्यंत त्याचं शेपूट धरून येतो."

लिअँडरने वही खाली ठेवली आणि दोन्ही अंगठ्यांनी पट्टी दाबली. मैदानातून आरोळी उठली, माणसं टोप्या धरून वर बघत राहिली. तंबूच्या कापडापलीकडे आवाज वाढत गेला, मग लांब गेला. ओवेन अजून परतला नव्हता. अंगठे दुखू लागले, तरी लिअँडरने ते उचलले नाहीत.