नर्सबाईंच्या दरवाजाची जाडी

आमच्या भागातला कोणीही चाळिशीचा माणूस घ्या, त्याला जगात सगळ्यात आधी उलटं धरलं ते नर्सबाईंनी. माझी तिन्ही पोरं त्यांच्याच हातची. निवृत्त झाल्या तरी बाई आपल्या जुनाट गाडीतून बाळंतिणींना बघायला जायच्या. खांदा निखळल्यापासून उजव्या हातात जोर नव्हता. गाडीचा दरवाजा दोन बोटांनी ओढायच्या, आणि तो शहाण्या मुलासारखा खट्‌ करून बसायचा.

त्या दरवाजाच्या पत्र्याची गंजून चाळण झाली, तेव्हा त्यांच्या मुलानं संधी साधली. "आई, आता विकून टाक."

"नवा पत्रा बसू दे," बाई म्हणाल्या. "माझा मला दरवाजा लावता आला नाही, तर खुशाल विक."

म्हणजे सगळं आलं माझ्या गळ्यात. मी डेंटर, गाड्यांचे पत्रे ठोकणारा. शाळा गावातली, चौथीपर्यंत. पण पत्रा चिमटीत धरला की जाडी सांगतो अशी माझी ख्याती. पसरवली मीच. नेमका त्याच महिन्यात जावयानं जाडी मोजायचं यंत्र, मायक्रोमीटर, भेट दिलं होतं, आणि मी दिसेल ते मोजत सुटलो होतो: पातेल्याचं झाकण, वहीचा पुठ्ठा, बायकोच्या बांगड्या. बाईंचा जुना पत्राही सोडवून मोजला. दीड मिलिमीटर! अंगठा म्हणत होता, एवढा नाही रे बाबा. पण अंगठा पडला चौथी पास आणि यंत्र जावयाचं. अंगठ्याला गप्प बसवलं.

दीडचा पत्रा आणला. कडा दुमडताना हातोडीचा दांडा मोडला, तरी मी खूश: काय भक्कम काम!

बायको म्हणाली, "अहो, दरवाजा गाडीचा करताय की तिजोरीचा?"

"तुला त्यातलं काय कळतंय?"

रविवारी बाई मुलाला घेऊन आल्या. आत बसून दोन बोटांनी ओढलं. दरवाजा हलेना. पूर्ण हात लावला तेव्हा हलला, पण वजनानं खाली लोंबला आणि चौकटीला अडला.

मुलानं लगेच फोन काढला. "गिऱ्हाईक तयार आहे."

बाई मला म्हणाल्या, "काय हो, बाळाला दुपट्यात गुंडाळतात. तुम्ही गादीत गुंडाळलंत!"

"बाई, यंत्रानं मोजलंय." मी पुरावा म्हणून जुना पत्रा पुढं केला.

बाईंनी किल्लीनं त्यावर ओरखडा काढला. वर पांढरा रंग, खाली निळा, मग हिरवा, पुन्हा निळा...

"आमचे हे दर वर्षी ब्रशनं रंग मारायचे. गंज नको म्हणून आतूनसुद्धा. तुम्ही पत्रा कुठं मोजलात? ह्यांना मोजलंत."

मुलगा हसला. मी त्याच्याहून मोठ्यानं हसलो. दुसरं करणार काय? रंग खरवडून पुन्हा मोजलं. पॉइंट नऊ. अंगठा बरोबर होता.

"एक रविवार द्या," मी म्हणालो. मुलानं उपकार केल्यासारखा दिला.

जड पत्रा काढून दोन विटांवर आडवा टाकला. नवा आणला तो आधी चिमटीत धरून, मग यंत्रानं मोजून.

पुढच्या रविवारी बाई आत बसल्या. दोन बोटं. खट्‌.

"बरंय," बाई म्हणाल्या, "पलीकडच्या गल्लीत एकीला नववा लागलाय." आणि गाडी निघूनसुद्धा गेली. मुलगा फोन हातात घेऊन फुटपाथवरच.

त्याला मी विटांवरच्या पत्र्यावर बसवलं. दीडचा होता, वाकला नाही.