मडमेचं कुंकू
वाळूत भाजल्या शेंगांचा वास आला, की माझी कारभारीण होती तवाची ती इंदापूरची यष्टी डोळ्यापुढं येती. पुतण्यानं आमाला दोघांना बारामतीला पिच्चरला नेलं होतं. परदेशातल्या एका गुप्तहेराचे लई वर्षं भागामागनं भाग निघत आल्यात, त्यातला तो नवा भाग. शेवटाला हेराच्या अंगावर अख्खा बंगला कोसळला. परतताना सांज झालेली, पुढं उसाच्या ट्रॉल्या, म्हणून गाडी झोपेत चालल्यागत चाललेली, आन दोन्ही अंगाला उसाचे तुरे धुक्यावाणी पांढरे. पुतण्या म्हणला, "मेला. संपलं आता." संगं आलेला त्याचा मेव्हणा भडकला, "मढं दावलं का? मागं बी दरीत पडला, पुढच्या भागात आला का न्हाय?" "अरं, हिरो म्हातारा झाला, आता कुठला येतोय!" निम्मी गाडी भांडायला लागली. खिडकीशी शेंगा सोलत बसलेली कारभारीण मधीच म्हणाली, "त्याच्या बायकुनं कुंकू पुसलं का?" "काकू, ती मडम. तिला कुठलं कुंकू?" "मग पुसलंच न्हाय, तर त्यो मेला कसा?" असं हसू उठलं की कंडक्टरनं घंटीची दोरी सोडून पोट धरलं. मी बी हसलो. आता ती जाऊन वरीस व्हईल. पावणेरावळे म्हणत्यात, तात्या, मनाला समजवा, ती गेली. व्हय, सरण मीच पेटवलं. पर तिच्या हिशेबानं बघाया गेलं, तर माझ्या कपाळावरनं कुणी काय पुसलंय?